बारा आठवड्यांचं दुखणं एका दुपारात

बावीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली, पण माझं पान एकदाही उशिरा गेलेलं नाही! भूकंप झाला, सरकार पडलं, छपाईयंत्राने ऐन वेळी मान टाकली, तरी माझं पान ठरल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी सुटलेलं असतं. ह्याचं गुपित एकच. जे घडणारच आहे ते घडायची वाट बघत बसायचं नाही, आधीच लिहून ठेवायचं. सामना असेल तर ‘जिंकले’ आणि ‘हरले’ अशा दोन्ही बातम्या तयार. कुणी मोठा माणूस आजारी पडला की त्याच्यावरचा लेख तयार. एक ज्येष्ठ गायक माझ्या खणात गेली नऊ वर्षं दिवंगत आहेत. परवाच त्यांची मैफल ऐकली. काय आवाज लागला होता! मला मात्र त्यांच्या नजरेला नजर देववेना.

तर असा मी माणूस एका गुडघ्यापुढे हात टेकणार? शक्यच नाही!

गुडघा उजवा. दुखण्याची जागा वाटीच्या खाली, बरोबर बोटभर. कारण बॅडमिंटन. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी उंच उडी घेऊन एक स्मॅश मारला. शटल नेटच्या पलीकडे पडलं, मी अलीकडे पडलो. तेव्हा काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मात्र आत कुणीतरी भिंतीत ठोकावा तसा खिळा ठोकू लागलं. आठ महिने तो ठोकतच होता. बर्फ झाला, शेक झाला, पट्टा झाला, गोळ्या झाल्या. ऑफिसात प्रत्येकाने सल्ला दिला. क्रीडा पानाचा माणूस म्हणाला, रोज पाच किलोमीटर चाला. अर्थ पानाचा माणूस म्हणाला, पाऊलसुद्धा टाकू नका. संपादक म्हणाले, “गुडघ्याचं नंतर बघू, आधी तो मथळा बघा.”

एरवी मी आणखी आठ महिने लंगडलो असतो. पण मध्ये माझी लेक आली.

आमच्या भागातल्या क्लबात दरवर्षी पालक आणि मुलं अशी दुहेरी स्पर्धा असते. मुलाचं वय चौदापर्यंत. लेक चौदाची. ती नेमाने खेळते, चांगली खेळते आणि हरली की दोन दिवस घरात कुणाशी बोलत नाही. गेल्या वर्षी स्पर्धेच्या दिवशी मी निवडणुकीच्या निकालाला बसलो होतो, त्याच्या आदल्या वर्षी अर्थसंकल्पाला. म्हणजे हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ती पंधराची होणार आणि तिच्या शेजारी उभं राहायला मी कायमचा बाद!

“बाबा, या वर्षी आहेस ना?” तिने विचारलं.

“आहेस ना म्हणजे? लिहून देतो!”

आणि मी गुडघा घेऊन तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी गुडघ्यावर थंडगार जेली फासली, यंत्र फिरवलं आणि पडद्यावर मला एक करडा ढग दाखवला. “हा तुमचा टेंडन. वाटीला नडगीशी बांधणारा दोर म्हणा. हा इथे आतून उसवलाय. जुनं दुखणं आहे, हट्टी झालंय. इंजेक्शन देऊ. तुमचंच रक्त काढायचं, यंत्रात घुसळायचं आणि त्यातला उपयोगी भाग इथे सोडायचा.”

“माझंच रक्त माझ्याच पायात? ते तर आधीपासून तिकडे जातच होतं की!”

“जात होतं, पण ह्या दोरापर्यंत फारसं पोचत नव्हतं.”

“दुखेल?”

“थोडं.”

अख्खा रस्ता खणून ठेवताना पालिका ‘किरकोळ गैरसोय’ म्हणते ना, त्या अर्थाने थोडं! सुई आत शिरली आणि मी अशी आरोळी ठोकली की बाहेर रांगेत बसलेले दोन पेशंट ‘पुन्हा येतो’ म्हणून निघून गेले. हे मला नर्सने नंतर सांगितलं, आणि तेही जरा कौतुकाने.

“झालं!” डॉक्टर म्हणाले. “पण एक ध्यानात ठेवा. मी दोराला फक्त जागं केलंय. त्याला कामाला लावायचं ते फिजिओथेरपीने. आठवडाभर विश्रांती, मग बारा आठवडे व्यायाम. सकाळ-संध्याकाळ. त्याशिवाय हे इंजेक्शन म्हणजे नुसती टोचणी.”

मी तिथल्या तिथे बोटं मोजली. बाराव्या आठवड्याचा रविवार म्हणजे बरोबर स्पर्धेचा दिवस! मला तर आनंदच झाला. डेडलाइन मिळाली की मी माणसात येतो.

फिजिओबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या, चणीने त्याहून लहान, पण आवाज असा की भिंतीवरचं घड्याळही सरळ चालावं. त्यांनी जमिनीवर एक उतरती फळी ठेवली.

“सर, या फळीवर उभं राहायचं. भार फक्त उजव्या पायावर. पाच आकडे मोजत हळूहळू गुडघा वाकवायचा. वर येताना दोन्ही पाय वापरायचे. पंधरा वेळा, असं तीनदा. रोज सकाळी, रोज संध्याकाळी.”

“बस, एवढंच?”

“एवढंच. आणि हा कागद.” त्यांनी दर आठवड्याला एक असे बारा छापील कागद दिले. तारीख, व्यायाम, दुखणं, शेरा असे रकाने. “दुखणं शून्य ते दहामध्ये लिहायचं. फळीवर थोडं दुखेल, ते चालेल. पण तीनच्या वर असेल तोवर खेळायचं नाही. दर शनिवारी कागद मला दाखवायचा. आणि सर, खरं लिहायचं हं. ह्यावरूनच मी वजन वाढवणार.”

“माझं?”

“तुमच्या पाठीवरच्या सॅकमधलं.”

पहिला आठवडा मी अगदी प्रामाणिकपणे केला. बायको शाळेत गणित शिकवते. ती वह्या तपासता तपासता माझ्याकडे बघायची आणि मी फळीवर, भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या पोरासारखा खाली-वर. एका बैठकीत पंचेचाळीस वेळा! दिवसाला नव्वद! जगात ह्यापेक्षा कंटाळवाणं काही असेल तर ते म्हणजे ह्याच गोष्टीचा दुसरा आठवडा.

दुसऱ्या आठवड्यात सोमवारी पाहुणे, मंगळवारी ऑफिसात दोन माणसं रजेवर, बुधवारी कंटाळा, गुरुवारी बुधवारचा कंटाळा गेला नाही म्हणून कंटाळा. रविवारी दुपारी बघतो तर दुसरा कागद कोरा! शनिवारी तो दाखवायचा होता, पण मी फोन करून ‘तातडीची मीटिंग’ सांगितली होती. आता कोरा कागद बघून मला काय होतं ते डेस्कवरच्या माणसालाच कळेल. हात शिवशिवतात! मी पेन घेतलं आणि तो आठवडा भरून काढला. मग वाटलं, हात बसलाच आहे तर तिसरा का नको? मग चौथा…

वाचकहो, त्या एका दुपारी मी बारा आठवडे बरा झालो!

काम मात्र चोख केलं हं. तीन वेगवेगळी पेनं वापरली. दुखणं सहावरून शून्याकडे आणलं, पण एकदम नाही, नाहीतर संशय येतो. पाचव्या आठवड्यात मुद्दाम एक दिवस साडेतीनवर चढवलं आणि शेऱ्यात लिहिलं, ‘पाहुण्यांची बॅग उचलली.’ म्हणजे बघा, पाहुणेसुद्धा आगाऊ बोलावले! नवव्या आठवड्यात जिना एका दमात चढलो. अकराव्यात बससाठी पळालो. शेवटच्या रविवारपाशी, स्पर्धेच्या दिवशी, पेन जरासं अडलं. ऑफिसात दोन बातम्या तयार ठेवता येतात, इथे ओळ एकच. थोडा विचार केला, पटण्याजोगी बातमी लिहिली आणि पान सोडलं. बाराही कागद आठवड्यांप्रमाणे लावून टेबलाच्या खणात ठेवले.

फसवायचा हेतू नव्हता, शपथ! व्यायाम मी करणारच होतो. फक्त लिहायचं काम तेवढं आधी उरकलं. पण झालं काय, की एकदा छापून आलेली बातमी पुन्हा घडवायचा उत्साह कुणाला राहतो? सकाळी फळीकडे बघावं तर खणातला कागद म्हणे, ‘झालाय की आजचा!’ मग मी चहा घ्यायचो.

शनिवारी संध्याकाळी वरचा कागद काढायचा, रविवारची ओळ दुमडायची आणि फिजिओबाईंना दाखवायचा. तिसऱ्या आठवड्यात त्या खूश झाल्या. “वा! दुखणं साडेचारवर! घ्या, दोन किलो.” चौथ्या आठवड्यात, “साडेतीन? मग पाच किलो.” मी सॅक पाठीला लावून फळीवर वाकायचो आणि गुडघ्यातला तो खिळेवाला हातोडा बदलून घण घ्यायचा. पण कागदावर साडेतीन लिहिलेलं! ओरडायची सोय नाही! चेहरा हसरा ठेवून मी मनात असे शब्द वापरायचो, जे आमच्या कुठल्याही पानावर कधी आले नाहीत आणि येणारही नाहीत.

“सर, तुम्ही कमाल आहात! एवढी शिस्त मी अजून पाहिली नव्हती,” असं म्हणून फिजिओबाईंनी माझा चौथ्या आठवड्याचा कागद चक्क भिंतीवरच्या फळ्यावर लावला. खाली लाल अक्षरांत लिहिलं, ‘असं लिहा!’

तिथे पोस्टात नोकरी करणाऱ्या एक काकू यायच्या. त्यांचंही दुखणं माझ्यासारखंच, गुडघ्याच्या वाटीखालचं. त्या माझ्या कागदापुढे उभ्या राहायच्या आणि सुस्कारे सोडायच्या.

“तुम्हाला साडेतीन? मला अजून सहा आहे हो! दोन्ही वेळा करते, एक दिवस सोडत नाही. माझं काय चुकतंय?”

“होईल, होईल,” मी म्हणायचो. “सातत्य पाहिजे.”

हे वाक्य मी त्यांना म्हणालो. तोंड वर करून! आज आठवलं तरी कान गरम होतात.

घरी बायकोने कागद पाहिला. “अहो, तुमचं दुखणं फार शहाणं आहे हो. दर आठवड्याला मोजूनमापून खाली. माझ्या वर्गातली मुलं एवढी सरळ रेषा पट्टी घेऊनही काढत नाहीत.”

“शिस्त!”

“मग जिना उलटे तोंड करून का उतरता?”

“त्याने… मागचे स्नायू तयार होतात.”

ती काही बोलली नाही. गणिताच्या बाईंचं गप्प राहणं फार वाईट. उत्तर चुकलंय हे त्यांना कळलेलं असतं, आपण कुठल्या पायरीवर चुकलो तेवढंच त्या बघत असतात.

लेक मात्र हवेत! क्लबात सांगून आली, “माझे बाबा बारा आठवड्यांत फिट होणार आहेत, त्यांचा कागद फळ्यावर लागलाय.” रोज शाळेतून आली की भिंतीवर सर्व्हिसचा सराव. एक सर्व्हिस, शंभर सर्व्हिस. ठक, ठक, ठक. तो आवाज ऐकला की मला माझ्या गुडघ्याचाच आवाज वाटायचा. आजपासून खरंच करतो, असं मी रोज ठरवायचो. पण आता फळीवर नुसतं उभं राहिलं तरी कळ मस्तकात जायची. कागदावरचा मी खूप पुढे निघून गेला होता आणि खरा मी मागे लंगडत होतो.

सातव्या शनिवारी फिजिओबाईंचा सकाळीच फोन. “सर, आज जरा लवकर या. कॉलेजची सहा मुलं-मुली बघायला येणार आहेत. त्यांना एक आदर्श पेशंट दाखवायचाय.”

मी चहा अर्धा टाकून निघालो. नेमका त्याच गडबडीत कागद घ्यायचा विसरलो.

क्लिनिकात सहा विद्यार्थी वह्या उघडून उभे. कोपऱ्यात पोस्टातल्या काकूही येऊन बसलेल्या, शिकायला! फिजिओबाईंनी माझ्या पाठीला पंधरा किलोची सॅक अडकवली, छातीवर पट्टे आवळले आणि मला फळीवर उभं केलं.

“कागद, सर?”

“राहिला वाटतं घरी. खणातच. जाऊ दे, पुढच्या वेळी…”

“छे छे, कागद तर हवाच! कागदच तर दाखवायचाय!” आणि त्यांनी थेट घरी फोन लावला. मी फोनकडे झेपावणार होतो, पण पाठीवर पंधरा किलो घेऊन झेपावणं म्हणजे कपाटाने नाच करणं. “हॅलो, बाळा, बाबांचे व्यायामाचे कागद खणात आहेत म्हणे. घेऊन येतेस? हो, पटकन!”

“फक्त वरचा! सांगा तिला, फक्त वरचा!” मी ओरडलो.

फोन ठेवला गेला होता. आमचं घर तिथून सायकलवर सात मिनिटं.

“तोवर सर करून दाखवतील,” फिजिओबाई म्हणाल्या. “बघा हं, भार पूर्ण उजव्या पायावर. एक…”

मी वाकलो.

“दोन… तीन…”

गुडघ्यात कुणीतरी दार उघडलं आणि आत वीज सोडली.

“चार… पाच. आता दोन्ही पायांनी वर.”

वर? कसलं वर! मी खालीच राहिलो. उजवा पाय ऐकेना, डावा घाबरला, सॅक मागे ओढायला लागली. मी धड बसलेला नाही, धड उभा नाही, अशा अवस्थेत दोन्ही हात पसरून थांबलो. बस सुटलेल्या माणसाने चालत्या बसचा दांडा पकडावा तसा मी हवेत दांडा शोधत होतो.

“किती वेळ थांबायचं असतं खाली?” एका चष्मेवाल्या विद्यार्थिनीने वही सरसावून विचारलं.

“हे… प्रगत प्रकार आहेत,” मी दातांच्या फटीतून म्हणालो.

“दुखणं किती आहे आत्ता?”

“दीड,” मी म्हणालो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने ‘दीड’ लिहून घेतलं.

तेवढ्यात दार उघडलं आणि लेक आत आली. हातात कागदांचा सगळा गठ्ठा. तिने तो फिजिओबाईंच्या हातात दिला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हाच मला कळलं, वाटेत कुठेतरी हिने सायकल थांबवलीय.

फिजिओबाईंनी पहिला कागद पाहिला. दुसरा पाहिला. मग भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

“सर, आजची तारीख काय?”

“आज… शनिवार आहे.”

“इथे आज संध्याकाळचा व्यायाम झालाय. दुखणं दोन. आत्ता सकाळचे साडेदहा वाजलेत.” त्यांनी पान उलटलं. “पुढच्या मंगळवारी तुमची झोप छान झालीये. आणि ही दोन आठवड्यांनंतरची नोंद. ‘जिना एका दमात चढलो. शेजाऱ्यांनी कौतुक केलं.’ शेजाऱ्यांना कळवलंय का हे?”

विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. चष्मेवालीने ‘दीड’ खोडलं.

कोपऱ्यातून पोस्टातल्या काकू एकदम उभ्या राहिल्या. “म्हणजे ते साडेतीन खोटं होतं? म्हणजे माझा गुडघा ठीक आहे? अहो, तीन आठवडे झोप नाही मला! मी दोष माझ्या गुडघ्याला देत होते!” रागवावं की आनंदावं हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

मी अजून तसाच अर्धवट वाकलेला. “मला कुणीतरी वर घ्या हो,” मी म्हणालो.

कुणी जागचं हललं नाही. लेक म्हणाली, “शेवटचा रविवार वाचा ना, मॅडम.”

फिजिओबाईंनी शेवटचा कागद काढला. वाचला. जरा घुटमळल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “‘उपांत्य फेरीत पराभव. मुलीच्या सर्व्हिस ऐन वेळी चुकल्या. गुडघा उत्तम. दुखणं शून्य.’”

खोलीत कुणी हसलं नाही. मग दोन विद्यार्थ्यांनी येऊन मला बगलेत धरून उचललं आणि खाटेवर ठेवलं, कपाट हलवतात तसं.

फिजिओबाईंनी वाटीखाली एक बोट दाबलं. मी छताला जाऊन आलो.

“किती? खरं सांगा.”

“साडेसात.”

“म्हणजे सुरुवात केली तेव्हा होतं त्याच्याही वर. न झालेल्या व्यायामावर मी वजन वाढवत बसले!” त्या माझ्यावर जेवढ्या चिडल्या होत्या तेवढ्याच स्वतःवर. “सॅक बंद. पुन्हा पहिल्या आठवड्यापासून.”

“आणखी एक इंजेक्शन घेतलं तर?” मी आशेने विचारलं. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून डॉक्टर एवढंच म्हणाले, “सुई मी देऊ शकतो. नव्वद वेळा खाली-वर मी नाही करू शकत.”

“आणि स्पर्धा?”

फिजिओबाईंनी लेकीकडे बघितलं. “पाच आठवडे आहेत. आजपासून खरोखर केलंत तर त्या दिवशी सकाळी दहा मिनिटं खेळून बघू. दुखणं तीनच्या आत राहिलं तर पहिली फेरी खेळा, उडी न मारता. तीनच्या वर गेलं तर बाहेर. दुखणं मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, सर. आकडा तुमच्याच तोंडून यायचाय.”

घरी जाताना लेक सायकल हातात धरून चालत होती. माझ्यासाठी हळू चालत होती, पण चार पावलं पुढे.

“कधी लिहिलंस ते?” तिने मागे न बघता विचारलं.

“दुसऱ्या आठवड्यात.”

“तेव्हा आपण एकदाही एकत्र खेळलो नव्हतो. आणि माझ्या सर्व्हिस चुकल्या?”

“अगं, बातमी खरी वाटावी म्हणून…”

“मग तुझा स्मॅश नेटमध्ये गेला असं लिहायचं! ते जास्त खरं वाटलं असतं!”

बावीस वर्षं मजकूर तपासतोय. इतकी बिनचूक दुरुस्ती मला कुणी सुचवली नव्हती.

“सॉरी,” मी म्हणालो.

“मी आईला राखीव ठेवतेय,” ती म्हणाली.

“आईला? तिने आयुष्यात फक्त डास मारायची रॅकेट धरलीये!”

“ती आली नाही असं तिने कधी केलेलं नाही.”

मी लंगडत तिच्या मागे घर गाठलं.

पुढचे पाच आठवडे कागद लेकीच्या ताब्यात. सकाळी साडेसहाला ती फळीपुढे खुर्ची टाकून बसायची, हातात पेन. “एक…” म्हणायची आणि मग दूध प्यायची. “दोन…” म्हणायची आणि बुटाची नाडी बांधायची. तिच्या पाच आकड्यांत माणसाचं अर्धं आयुष्य निघून जाईल! मी घामाघूम होऊन म्हणायचो, “अगं, पाच झाले असतील की!” ती म्हणायची, “तू लिहून ठेवले असशील. मी मोजतेय.”

बायको संध्याकाळी अंगणात सराव करायची. शटल कुठून येईल ते ती अचूक सांगायची, फक्त तिथे वेळेवर पोचायची नाही. मग हळूहळू पोचायला लागली. एकदा लेकीचा कागद तिच्या हाती पडला. सात, सहा, सहा, सात, पाच, साडेसहा, पाच, चार. ती वही तपासावी तशी एकेक आकडा बघत गेली आणि म्हणाली, “हं. आता हे माणसाच्या दुखण्यासारखं दिसतंय.”

कंटाळा? आला की! रोज आला. पण समोर पेन घेऊन बसलेली पोरगी असली की कंटाळाही बिचारा अंग चोरून बसतो. चौथ्या आठवड्यात मी जिना सरळ तोंडाने उतरलो. शेजाऱ्यांनी कौतुक वगैरे केलं नाही. एक जण म्हणाले, “का हो, हल्ली उलटे उतरत नाही?”

आणि रविवार आला.

क्लबच्या बाजूच्या कोर्टवर आम्ही दोघं. घड्याळ फिजिओबाईंच्या हातात. पोस्टातल्या काकूही आल्या होत्या. त्यांचं दुखणं दोनवर आलं होतं आणि हे त्या दिसेल त्याला सांगत होत्या. बायको बाकावर बसून बूट बांधत होती, अगदी सावकाश, म्हणजे घाई कुणालाच नसावी.

लेकीने पहिली सर्व्हिस केली. काय सर्व्हिस होती! नेटला घासून गेल्यासारखी, पण घासली नाही. मी परत मारली. तिने मारली. मी मारली. दोन मिनिटं, चार, सहा. आठ महिने आणि बारा आठवड्यांनी मी कोर्टवर उभा होतो आणि समोर माझी लेक हसत होती. पाच आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून! मला वाटलं, हे दहा मिनिटांचं घड्याळ कुणीतरी लपवून ठेवावं.

आठव्या मिनिटाला तिने नेटजवळ एक हलकं शटल टाकलं. मी पुढे झेपावलो, उजवा पाय टेकला आणि आतला तो जुना कारागीर हातोडा घेऊन हजर झाला. शटल मी उचललं. पलीकडे गेलंसुद्धा. मी चेहरा सरळ ठेवला. उरलेली दोन मिनिटं जागच्या जागी खेळून काढली.

“वेळ संपली,” फिजिओबाई म्हणाल्या आणि मुद्दाम दुसरीकडे बघायला लागल्या.

लेक नेटपाशी आली. तिचा चेहरा लाल झाला होता. “बाबा, किती?”

तीन म्हटलं की झालं! एक फेरी. वीस मिनिटं. उडी न मारता. कुणाला कळणार होतं? ओठांवर ‘ती’ तयारसुद्धा होता. पण तिने पेन काढून कागद रॅकेटवर ठेवला होता आणि मी जे म्हणेन ते ती लिहिणार होती. तिने नुसतं लिहिलं असतं. मुकाट, माझ्यावर विश्वास ठेवून.

“चार,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की.”

तिने आकडा लिहिला. नेटखालून अलीकडे आली, माझ्या हातातून रॅकेट काढून घेतली आणि आईकडे गेली. चार पावलं गेल्यावर पुन्हा मागे आली. “बर्फ लाव,” म्हणाली. मग आणखी हळू, “थँक्यू, बाबा.”

दोघी पहिली फेरी जिंकल्या, दुसरीही जिंकल्या आणि तिसरीत हरल्या, कारण बायको समोरच्या गृहस्थांना त्यांचा मारण्याचा कोन कुठे चुकतो हे समजावून सांगत बसली आणि त्यांनी तो लगेच सुधारला. लेक हरूनही दोन्ही दिवस सगळ्यांशी बोलली.

मी गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बाकावर बसलो होतो. फिजिओबाई शेजारी येऊन बसल्या. “सर,” त्या म्हणाल्या, “आज चार म्हणालात ना, ते मला फार आवडलं. व्यायामाचं जाऊ द्या, हे अवघड असतं.”

मी मान खाली घालून ‘त्यात काय एवढं’ असं काहीतरी पुटपुटलो.

तुम्हाला म्हणून सांगतो, पाच होतं. पण एका दिवसात इतका खरेपणा झेपत नाही हो! तोही टप्प्याटप्प्यानेच वाढवावा लागतो.